दोनशेचा काटा

गुरुनाथ सारंगांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली की अख्खी जेटी चिडीचूप व्हायची, असा त्यांचा लौकिक. पण त्या नारळी पौर्णिमेला भरसमुद्रातल्या तराफ्यावरची निम्मी माणसं ओठ चावून हसू दाबत उभी होती. गाऱ्हाणं भोंग्यातून येत होतं आणि आवाज थेट बदकाचा होता.

“बा दर्या म्हाराजा, आज ह्यो नारळ तुका अर्पण करतंव.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“तुज्या पोटात तुजी लेकरा उतारतत. जशी खाली नेतस, तशीच वर हाड.”

“व्हय म्हाराजा.”

बदकाचा आवाज होता हीलियमचा. गुरुनाथ पथकाचे तांडेल, म्हणजे म्होरके. ते आणि त्यांचा जोडीदार हेरंब टिकम दोन दिवसांपासून पेटीत होते, आणि पेटीत श्वासाला हीलियम असतो. आवाज माणसाचा करणारं यंत्र तराफ्यावर होतं, पण तांडेलांनी ते बंद करायला लावलं होतं. देवाला यंत्राच्या तोंडून सांगायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. बदकाच्या तोंडून चालतं की नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

देवगडच्या समोर चाळीस मैलांवर तरंगत्या पवनचक्क्यांचं रान उभं राहिल्याला बारा वर्षं झाली होती. प्रत्येक चक्की साखळ्यांनी शंभर मीटर खालच्या गाळाला बांधलेली. साखळ्यांचे सांधे तपासायला आधी यंत्रं आणली, पण गाळ ढवळला की यंत्रं आंधळी होत. शेवटी माणसाचा हातच लागला. कोकणातल्या मासेमारांच्या पोरांना दर्या सांगावा लागत नव्हता, त्यामुळे दहा वर्षांत गावोगाव ‘पेटीकर’ तयार झाले.

पेटी म्हणजे तराफ्यावरची लोखंडी खोली. आत दाब खालच्या पाण्याइतका, म्हणजे अकरा बार. एक बार म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अंगावर रोज असतो तो हवेचा दाब. पेटीकर महिनाभर त्या अकरापटीत जेवतो, झोपतो, पत्ते खेळतो. सकाळी पेटीला जोडलेल्या घंटेत, म्हणजे घंटेच्या आकाराच्या लोखंडी डब्यात, बसून खाली उतरतो, काम करून वर येतो, पण दाब तोच राहतो. बाहेर यायचं तर दाब हळूहळू सोडावा लागतो आणि त्याला साडेचार दिवस लागतात. घाईनं दार उघडलं तर रक्तात मुरलेला वायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून बाहेर येतो आणि माणूस जागेवर मरतो. पेटीकरांच्या बायका म्हणत, आमचो घोव दोन इंचांवर आसा आणि साडेचार दिवस लांब आसा.

पेटीचा दाब सांभाळणारं पॅनल त्या पाळीला गुरुनाथांच्या मुलीकडे होतं. शर्वरी सारंग, वय एकतीस, रत्नागिरीत शिकलेली, या कामाचं सर्टिफिकेट मिळवणारी किनाऱ्यावरची पहिली मुलगी. ते सर्टिफिकेट गुरुनाथांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावलं होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. वर्षातले सहा महिने बाप पेटीत आणि मुलगी पेटीबाहेर, अशी त्यांची गाठ काचेच्या गोल खिडकीतून पडे, आणि दोघांना त्याची सवय झाली होती.

चूक पहाटे पाच वाजता झाली.

घंटेच्या अंगावर वीस सिलिंडर बसवलेले असतात, त्यांना ‘बँक’ म्हणतात. वरून जाणारी नाळ, म्हणजे वायूच्या नळ्यांचा आणि तारांचा जाडजूड जुडगा, कधी तुटलीच तर आतल्या माणसांनी त्या वीस सिलिंडरांवर तग धरायचा. उतरण्याआधी त्यांचा काटा दोनशे बारवर पाहिजे. शर्वरीनं पाहिला तेव्हा तो नव्वदवर होता. कुणीतरी रात्री व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवला होता.

भरायचा नियम सरळ होता. हळूहळू भरा, निवू द्या, काटा उतरेल तेवढं पुन्हा भरा. एकूण सहा तास. आणि नारळ साडेसहाला सोडायचा होता.

तिनं पेटीत फोन लावला. “बाबा, बँक अर्धी रिकामी गावली. भरूक दुपार होतली.”

“दुपारी?” गुरुनाथांचा आवाज आला. “शर्वरे, नारळ सोडल्यावर पयली घंटा लगेच जाता. मोसमाचा पयला पाऊल मागे ठेवूचा नाय. खंयच्याच साली ठेवूक नाय.”

“पण नियम...”

“तू भर. झपकन भर. हेच्याआधी भरूक नाय काय?”

भरलं होतं. सगळेच भरत. नारळी पौर्णिमेला तर हटकून, कारण पेटीकरांत एकही असा नव्हता की जो नारळ सोडून घंटा वर ठेवील. कॉम्प्रेसर पूर्ण सोडला की ऐंशी मिनिटांत काटा दोनशेवर येई. मग वहीत दोनशे लिहायचं आणि सही करायची. काटा दोनशेच दाखवायचा, त्यात खोटं काही नव्हतं.

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. वायू झपाट्यानं दाबला की तो तापतो. काटा काही आतले कण मोजत नाही, ते भिंतीला किती धक्के देतात ते मोजतो. देवळाच्या सभामंडपात पन्नास माणसं बसली असतील तर एकमेकांना धक्का लागत नाही, पण आरतीला तीच पन्नास नाचायला लागली की शंभर असल्यासारखी वाटतात. तापलेला वायू नाचत असतो. सिलिंडरचं आकारमान तेच, आतला वायू तेवढाच, पण तापमान वाढलं म्हणून दाब वाढतो. आणि तो वायू थंड पाण्यात नेला की नाच थांबतो आणि काटा आपोआप खाली येतो, एक थेंबही न वापरता.

शर्वरीला हे तोंडपाठ होतं. कागदावर मांडलं असतं तर उत्तरही लगेच आलं असतं: बासष्ट अंशांवरचे दोनशे म्हणजे खालच्या चोवीस अंशांवरचे एकशे सत्त्याहत्तर. पण आजवर त्या सिलिंडरांना हात लावायची वेळच आली नव्हती, आणि जे कधी लागत नाही ते कमी आहे म्हणून कुणी मोजत बसत नाही. तिनं दोनशे लिहिलं आणि सही केली.

नारळ सुटला. पावणेसातला घंटा पाण्यात गेली. सात वाजून दहा मिनिटांनी पाठोपाठ तीन मोठ्या लाटा आल्या, तराफा एका अंगावर गेला, आणि घंटेचा दोर आणि नाळ दोन्ही एका चक्कीच्या साखळीत अडकून तुटले. घंटा पाच मीटर खाली पडून साखळ्यांच्या ढिगावर तिरकी बसली.

पॅनलवरचे सगळे दिवे विझले. उरला फक्त पाण्यातून बोलायचा फोन.

“आमी दोगय बरे आसंव,” गुरुनाथांचा आवाज आला. “पण वरून वायू जाता. नाळ उपटली थंयसून.”

घंटा म्हणजे उपडा पेला. पेला उपडा करून बादलीत दाबला की आतली हवा पाण्याला आत येऊ देत नाही. पण पेल्याच्या बुडाला भोक पडलं तर हवा वरून निघून जाते आणि पाणी खालून चढतं. नाळ उपटली तिथला झडपेचा तुकडा नीट बसला नव्हता आणि मिनिटाला तीस लिटर वायू बुडबुड्यांनी निसटत होता. तेवढाच वायू सिलिंडरमधून आत सोडत राहायचं, एवढा एकच उपाय. आणि तिथला प्रत्येक लिटर महागाचा, कारण अकरा बारवर एक लिटर जागा भरायला वरचा अकरा लिटर वायू लागतो.

दुसरी घंटा असलेली मदतनौका उत्तरेला होती. ती अडीच वाजता पोचणार होती.

तराफ्याचे प्रमुख देवस्थळी हिशेबाला बसले. साठीचा, शांत, पुण्याचा माणूस. कुणावर ओरडत नसे. “दोनशेवरून अकरावर यायचं. अर्ध्या तासाला दहा बार. म्हणजे पावणेपाचपर्यंत वायू आहे. भरपूर आहे.”

शर्वरीनं मनातल्या मनात दुसरा हिशेब केला. तिचं उत्तर साडेतीन आलं.

पण अडीच आणि साडेतीनमध्ये तास होता. ती गप्प बसली. कबूल करायला हवं की दर अर्ध्या तासानं एकदा तरी ती सर्टिफिकेटाचा विचार करत होती, आणि त्याबद्दल स्वतःला शिव्याही देत होती.

ठरलं असं, की गुरुनाथ दर अर्ध्या तासानं काटा वाचून सांगतील आणि शर्वरी लिहून घेईल. सात चाळीसला ते म्हणाले, “एकशे नव्वद.” आठ दहाला म्हणाले, “एकशे ऐंशी.” आठ चाळीसला म्हणाले, “एकशे सत्तर.”

शर्वरीनं आलेखावर तीन ठिपके मांडून जोडले. रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ आली, आणि तिला कळलं.

पहिल्या तासात काटा धाडकन कोसळायला हवा होता. ऐंशी मिनिटांत ठासून भरलेले सिलिंडर थंड पाण्यात निवताना तेवीस बार नुसते निवण्यात जायला हवे होते, शिवाय वापर वेगळा. रेघ आधी खाली वाकायला हवी होती आणि मग सरळ व्हायला हवी होती. वाकण औषधालाही नव्हतं. तिच्या बापाला खाली काटा काय दाखवतोय ते दिसत होतं, ते का घडतंय हेही कळत होतं, आणि तो वर भलताच आकडा सांगत होता. फोनवरचं प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित होत होतं. तो आपल्या मुलीची सही खरी ठरवत होता.

ती उठून देवस्थळींकडे गेली. “साहेब, मी बँक गरम भरली होती. नियमानं नाही भरली. खाली एकशे सत्त्याहत्तरच होते. वायू साडेतीनला संपेल.”

देवस्थळींनी हातातला पेन खाली ठेवला. मग वही ओढली. “पण आकडे तर दोनशेपासून नीट उतरताहेत.”

“बाबा खोटे आकडे सांगताहेत.”

“स्वतःच्या जिवाच्या बाबतीत?”

“माझ्यासाठी.”

त्यांनी फोन उचलला. “गुरुनाथ, देवस्थळी बोलतोय. शर्वरी म्हणते सिलिंडर गरम भरलेत. काटा किती आहे? नीट बघून सांगा.”

फोन खरखरला. मग बदकाचा आवाज यंत्रातून माणसाचा होऊन आला. “एकशे अडुसष्ट, साहेब. पोर घाबरली हा. थंड करूनच भरल्यान. मी पेटीच्या खिडकीतसून बघलंय.”

“हेरंबला फोन द्या.”

पुन्हा खरखर. “एकशे अडुसष्ट,” हेरंब म्हणाला.

देवस्थळींनी फोन ठेवला. “बाळ, बाप खाली असताना मुलीनं पॅनलवर बसणं मुळातच बरोबर नव्हतं. माझी चूक. तू जरा आत जाऊन पड.”

“साहेब, ही रेघ बघा ना. इतकी सरळ कशी येईल?”

“सरळ आहे हे चांगलंच नाही का?” ते म्हणाले. “मी माणसाच्या भीतीवर निर्णय घेऊ का काट्यावर?”

हेच वाक्य तिनं स्वतः शिकाऊ पोरांना शंभरदा ऐकवलं होतं.

ती आत जाऊन पडली नाही. बाहेर उभी राहिली आणि आकडे ऐकत राहिली. एकशे चाळीस. एकशे दहा. प्रत्येक आकड्यातून ती तेवीस वजा करी. दुपारी बारा दहाला गुरुनाथांनी शंभर सांगितले तेव्हा खरे सत्त्याहत्तर होते, हे तराफ्यावर एकट्या तिला माहीत होतं. बाकीचे एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते.

नौका बरोबर अडीचला आली. लाटा तेव्हा दोन पुरुष उंच होत्या. नौकेच्या कप्तानानं समुद्र पाहिला, देवस्थळींकडून हिशेब घेतला आणि सांगितलं, “पावणेचारला पाणी फिरेल, मग लाटा बसतील. आता घंटा सोडली तर माझी चार माणसं धोक्यात. खालच्यांकडे पावणेपाचपर्यंत वायू आहे. सव्वा तास थांबतो.”

शर्वरी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, बासष्ट अंश, चोवीस अंश, सरळ रेघ. कप्तानानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं देवस्थळींकडे पाहिलं, देवस्थळींनी डोळ्यांनीच ‘मुलगी आहे त्यांची’ असं सांगितलं, आणि कप्तानानं हलकेच तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातानं ती जितकी खचली तितकी दिवसभरात कशानंच खचली नव्हती.

खाली थांबायचा निरोप देवस्थळींनीच दिला.

“सव्वा तास?” गुरुनाथ म्हणाले.

“हो. वायू पुरेसा आहे ना?”

शर्वरी फोनच्या यंत्राशी वाकली होती. तिला वाटलं, आता सांगतील. आता तरी सांगतील. “बाबा, सांगा,” ती ओरडली. “खरो आकडो सांगा. मी सगळ्यांका सांगून टाकलंय.”

“पन्नासावर आसा काटो,” गुरुनाथ म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. “पुरतलो.”

तीन दहाला ते “चाळीस” म्हणाले.

तीन तेहेतीसला, वाचनाची वेळ नसताना, फोन वाजला. “साहेब, काटो एकदम पडलो. अकरा. गळती वाढली वाटता.”

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सिलिंडरमध्ये अकरा आणि घंटेत अकरा, म्हणजे आत आणि बाहेर सारखाच दाब. सारखा दाब झाला की वायू हलत नाही. अकरा म्हणजे शून्यच.

कप्तानानं एक शिवी हासडली आणि तशाच समुद्रात घंटा सोडायला लावली. खाली पाणी चढत होतं. शर्वरीनं फोनवर सांगितलं की वर, तिरक्या कोपऱ्यात तोंडं न्या, पाणी चढू द्या, पाणी भोकाजवळ आलं की गळती मंदावते. हे तरी खरं होतं आणि उपयोगाचं होतं. हेरंब ‘हां हां’ म्हणत होता. गुरुनाथ बोलत नव्हते. चार सतराला नौकेचे पाणबुडे पोचले तेव्हा दोघांची नाकं तेवढी पाण्याबाहेर होती.

दोघेही जिवंत निघाले. तराफ्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुनाथ दिवसभर छातीभर पाण्यात उभे होते, हे मागाहून कळलं. वायू पुरवून वापरायचा म्हणून त्यांनी पाणी मुद्दाम चढू दिलं होतं, हेरंबला वरच्या बाकड्यावर बसवलं होतं आणि स्वतः खालच्या बाजूला राहिले होते. हीलियम अंगातली ऊब शोषून घेतो. छप्पन्न वर्षांच्या हृदयाला ते झेपलं नाही.

नौकेवरच्या पेटीत त्यांना झोपवलं होतं. पडद्यावर मुंबईचे डॉक्टर होते. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, यांना तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायला हवं. देवस्थळी म्हणाले, साडेचार दिवस. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. मग हेरंबला कोणती इंजेक्शनं द्यायची ते सांगू लागले.

शर्वरी गोल खिडकीला डोकं टेकून बसली. बापाचा चेहरा हातभर अंतरावर होता. ओठ निळे पडले होते. तिनं फोन घेतला.

“बाबा, असा कित्याक केलात?”

गुरुनाथांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरून वर, ध्वनिमुद्रण चालू असल्याचा लाल दिवा होता तिकडे पाहिलं.

“काटो दोनशे होतो,” ते म्हणाले. “चेडवान नीट भरल्यान.”

“बाबा...”

“दोनशे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. हेरंबनं त्यांची छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली, आणि शर्वरी काचेवर तळहात ठेवून बघत राहिली. मग त्यांना शेजारच्या कप्प्यात नेलं, मधलं दार लावलं आणि दाब सोडला. जिवंतपणी बाहेर यायला साडेचार दिवस लागले असते. मेल्यावर अर्धा तास लागला.

चौकशी दोन महिने चालली. शर्वरीनं लेखी कबुली दिली, सरळ रेघेचा आलेख जोडला, बासष्ट आणि चोवीस अंशांचं गणित मांडलं. सिलिंडरांना तापमापक नव्हते, ते पुढच्या वर्षी बसायचे होते, त्यामुळे बासष्ट अंश हा तिचा अंदाजच ठरला. चौकशी अधिकारी बाई सहृदय होत्या. “दुःखात माणूस स्वतःला दोषी धरतो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वडिलांनी शेवटच्या श्वासापर्यंत साक्ष दिली आहे. ध्वनिमुद्रण आहे. मुलगी सांगते म्हणून ती मी कशी नाकारू?”

निकाल आला. तीन दहा ते तीन तेहेतीस या वेळात गळती अचानक वाढल्यानं अपघात गंभीर झाला. भरण्यात दोष नाही. शेवटी एक शिफारस होती: शर्वरीनं स्वतःच कबूल केल्यानुसार बँक ऐंशी मिनिटांत भरली होती, आणि नोंदींनुसार तिनं पूर्ण दोनशे बारचं काम दिलं. सबब निववत भरण्याचे सहा तास अनावश्यक असून ते नियमातून वगळावेत. पुरावा म्हणून गुरुनाथांची वाचनं जोडली होती, शर्वरीच्याच अक्षरात.

ती कागद घेऊन देवस्थळींकडे धावली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि बदलीचं पत्र दिलं. रत्नागिरीचं ऑफिस, बसून काम. सहानुभूतीनं केलेली बदली होती, आणि त्यांचे डोळे खरोखर ओले होते.

आता एकच माणूस उरला होता ज्यानं तो काटा डोळ्यांनी पाहिला होता.

हेरंब टिकम अंगणात जाळं विणत बसला होता. तिला पाहून उठला, पाट दिला. त्याची आई चहा ठेवायला आत गेली. शर्वरीनं कागद त्याच्यापुढे ठेवला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली.

“हेरंब, तू सांग. तुजा ऐकतले ते. काटो किती होतो?”

त्यानं सुई खाली ठेवली. “तांडेलांनी माका शपथ घातल्यानी. दर्याची. नारळ सोडलो त्याच दिसाची.”

“काय म्हटल्यानी?”

“म्हटल्यानी, नाव अडीचला येतली, वायू साडेतीनपर्यंत आसा. मग पोरीचा सर्टिफिकेट कित्याक घालवूचा? दोगांनी एकच आकडो सांगूचो.” तो जमिनीकडे बघत होता. “नाव थांबतली ह्या तेंका काय ठाऊक? थांबतली म्हणून कळला, तेव्हा मी म्हटलंय, तांडेलानु, आता सांगा. तर म्हणतत, आता सांगलंय तर पयले सगळे आकडे खोटे पडतत.”

शर्वरी म्हणाली, “ती शपथ मी सोडवतंय. मी तेंची मुलगी.”

“शपथ घालणाऱ्यानच सोडवूक व्हयी,” हेरंब म्हणाला. हे तिलाही माहीत होतं. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

“दिवाळीनंतर घंटेत कोण जाता?”

“मी. आणि आचऱ्याचो एक नवो झील.”

“ते आता गरमच भरतले, हेरंब. नियमच झालो. खाली गेल्यार काटो पडतलो.”

“म्हायत आसा.”

“मग वर काय सांगतलस?”

हेरंबनं सुई उचलली, जाळ्याचा तुटका डोळा शोधून त्यात दोरा घातला. आतून त्याच्या आईनं साखर किती म्हणून विचारलं.

“दोनशे,” तो म्हणाला. “खरो सांगलंय तर तांडेल खोटे पडतत.”